मोनोफिन लावल्यावर हातांचं काय करायचं?

पन्नास मीटरचा तलाव जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटू हात-पाय जीव खाऊन मारतात तेव्हा साधारण २१ सेकंदांत पार होतो. फिनस्विमिंगमधले, म्हणजे पायांत पातं लावून पोहण्याच्या खेळातले, अव्वल स्पर्धक तेच अंतर श्वास रोखून, पाण्याखालून, १४ सेकंदांच्या आत कापतात. या १४ सेकंदांत त्यांचे हात एकदाही पाणी ओढत नाहीत. डोक्याच्या पुढे ताणलेले, एकावर एक घट्ट बसवलेले हात तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तसेच राहतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळं काम त्या पायांतल्या भल्यामोठ्या पात्याचं, हातांना सुट्टी. शिकणाऱ्यालाही तसंच वाटतं, म्हणून तो पोटऱ्या आणि मांड्या पिळून काढतो आणि तरी जागच्या जागी डुचमळत राहतो. मोनोफिनमध्ये नवशिक्याचं गाडं बहुतेक वेळा पायांत नाही, खांद्यांत अडतं.

आधी हे साधन काय आहे ते पाहू. दोन्ही पावलं शेजारी शेजारी बसतील असे दोन रबरी बूट, आणि त्या दोघांना मिळून एकच रुंद पातं. पातं फायबरग्लासचं किंवा कार्बनचं. स्पर्धेच्या नियमांनुसार रुंदी जास्तीत जास्त ७६ सेंटिमीटर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघातल्या जलतरणपटूंनी ते स्पर्धेत आणलं आणि पाहता पाहता वेगाच्या शर्यतींतून दोन सुटे फिन हद्दपार झाले. आज सुट्या फिनसाठी ‘बायफिन्स’ नावाच्या वेगळ्या शर्यती असतात. या खेळाचा कारभार सीमास ही संस्था पाहते. ती १९५९ मध्ये मोनॅकोत स्थापन झाली आणि समुद्राच्या पोटातलं जग घरोघरी पोचवणारे झाक-ईव्ह कुस्तो तिचे पहिले अध्यक्ष होते. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही. मात्र वर्ल्ड गेम्समध्ये तो १९८१ पासून आहे.

आता वेगाचा हिशेब मांडू, कारण हातांचं महत्त्व त्यातूनच कळतं. १४ सेकंदांत ५० मीटर म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटरहून थोडं जास्त. २१ सेकंदांत ५० मीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम २.४ मीटर. वेग दीडपट झाला. पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो सव्वादोन पट झाला, आणि त्या विरोधाला तोंड देत पुढे जायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास साडेतीन पट. माणसाचं हृदय, फुप्फुसं, स्नायू मात्र तेच. पातं पायांची ताकद कमी नासाडी करून पाण्याला देतं हे खरं, पण तेवढ्यावर साडेतीन पट भरून निघत नाही. उरलेली कसर शरीराचा आकार बदलूनच काढावी लागते. आणि माणसाच्या शरीराचा आकार पाण्याच्या दृष्टीनं मुळात गैरसोयीचा: पुढे गोल डोकं, मग एकदम बारीक मान, मग एकदम रुंद खांदे. पाणी डोक्यावर आपटतं, मानेपाशी भोवरे करतं, खांद्यांवर पुन्हा आपटतं.

हात डोक्यापुढे ताणले की ही सगळी अडचण एका झटक्यात कमी होते. बोटांच्या टोकापासून खांद्यांपर्यंत शरीर हळूहळू रुंदावत जातं, डोकं दोन दंडांच्या मध्ये दडतं, मानेचा खळगा भरून निघतो. शिवाय लांबी वाढते. पावणेसहा फुटी माणूस हात वर ताणून आडवा झाला की सात फुटांच्या पुढे जातो, आणि पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पोहताना लांब शरीराला लाटा उठवण्यात कमी शक्ती घालवावी लागते. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी संगणकावर पाण्याचा प्रवाह मांडून तपासलं तेव्हाही हेच दिसलं: नुसतं सरकत जाताना हात पुढे असतील तर विरोध कमी, हात अंगाशी असतील तर जास्त. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांना हे संगणकाशिवाय ठाऊक असतं. भिंतीला लाथ मारून निघाल्यावर पहिलं सरकणं हात पुढे ठेवून होतं. मग एकदा हात मांड्यांपर्यंत ओढले जातात आणि दुसरं सरकणं हात अंगाशी ठेवून. त्या दुसऱ्या सरकण्यात वेग कसा भराभर गळतो ते अंगाला जाणवतं.

गावच्या विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांनाही हे कुणी शिकवावं लागत नाही. हात जोडून डोक्यापुढे घेतले नाहीत तर पाणी काय करतं ते कपाळ एकदाच सांगतं.

पण पाणी कापणं हे हातांचं निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं लक्षात यायला जरा वेळ लागतो. पातं खाली दाबलं की पाणी त्याला वर ढकलतं. हा धक्का शरीराच्या अगदी शेवटच्या टोकाला बसतो, त्यामुळे शरीर मध्यावर तोललेल्या फळीसारखं वागू पाहतं: मागचं टोक वर, पुढचं खाली. पुढच्याच क्षणी पातं वर जातं आणि सगळं उलट होतं. म्हणजे प्रत्येक किकबरोबर पुढचं टोक वर-खाली डुलणार. जेवढं ते डुलेल, तेवढी पायांची मेहनत पुढे जाण्याऐवजी वर-खाली हलण्यात जाईल आणि प्रत्येक वेळी छाती किंवा पाठ प्रवाहाला आडवी होईल. माशांच्या पोहण्याचं गणित मांडणारे ब्रिटिश गणिती सर जेम्स लाइटहिल यांनी १९७०च्या सुमारास या परतीच्या धक्क्याचा बारकाईनं विचार केला होता. वेगानं पोहणाऱ्या अनेक माशांचं शरीर पुढच्या भागात उंच आणि जड असतं, शेपटीपाशी अगदी निमुळतं होतं. ही ठेवण तो धक्का पचवायला उपयोगी पडते, असं त्यांचं म्हणणं. लाइटहिल स्वतः पट्टीचे पोहणारे होते. इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटाभोवती पोहून जाणारे ते पहिले, १९७३ मध्ये. पंचवीस वर्षांनी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तीच फेरी पुन्हा मारताना पाण्यातच त्यांचा अंत झाला. ज्या विषयात आयुष्य घातलं त्याच्याशी इतकी शारीरिक ओळख असलेला गणिती विरळा.

माणसाच्या पुढच्या भागात माशासारखं वजन नाही. ते काम ताणलेले हात करतात. शरीराच्या मध्यापासून लांब गेलेले हात डुलण्याला अटकाव करतात, त्यांच्या वरचं-खालचं पाणी त्यांना सहज हलू देत नाही. म्हणूनच तज्ज्ञाचा व्हिडिओ कडेनं पाहिला तर एक गोष्ट नजरेत भरते: बोटांची टोकं जवळजवळ सरळ रेषेत जातात, छाती थोडी हलते, कंबर त्याहून जास्त, गुडघे त्याहून, आणि पात्याचं टोक सगळ्यांत जास्त. लाट मागे जाता जाता मोठी होत जाते. नवशिक्याच्या व्हिडिओत नेमकं उलटं दिसतं. हात मोठ्या कौतुकानं वर-खाली नागमोडी जातात, त्यामागून डोकं, आणि पात्यापर्यंत पोचेस्तोवर लाटेत काही शिल्लक नसतं. डॉल्फिनसारखं पोहायचं या कल्पनेनं भारावलेल्या प्रत्येकाकडून हे होतं. खऱ्या डॉल्फिनचं डोकं मात्र फारसं डोलत नाही. त्याच्या मानेचे मणके आखूड असतात आणि त्यांतले काही एकमेकांना जुळलेले असतात; माणसासारखी मान वळवायची सोयच त्याला नाही. आपली मान सैल, म्हणून आपल्याला ती मुद्दाम धरून ठेवावी लागते.

हात धरायचे कसे? एक तळवा दुसऱ्या हाताच्या पाठीवर ठेवा, बोटांवर बोटं येतील असा. वरच्या हाताचा अंगठा खालच्या हाताच्या कडेवरून खाली वळवून अडकवा, म्हणजे पाण्याच्या जोरानं हात सुटत नाहीत. हे कुलूप फार महत्त्वाचं आहे. भिंतीला लाथ मारल्यावर पहिल्या दोन मीटरांत हात उघडले तर पुढे ते जुळवत बसायला वेळ नसतो. बोटं सरळ, मिटलेली. मनगट सपाट. कोपर पूर्ण सरळ, आणि इथे ‘जवळजवळ सरळ’ चालत नाही, कारण वाकलेलं कोपर बाहेर निघतं आणि पाणी ते लगेच पकडतं. एकच कोपर वाकलं तर अंग एका बाजूला कलू लागतं, आणि एवढ्या रुंद पात्यानं ते कलणं सावरणं कठीण. मग खांदे कानांकडे उचला, जणू उंच फळीवरचा डबा काढताय. जमिनीवर उभं राहून हात वर करताना आपण खांदे खालीच ठेवतो. इथे ते मुद्दाम वर न्यायचे, तेव्हा कुठे दंड कानांच्या मागे जाऊन बसतात. दंडांनी डोकं हलकेच दाबलं जातंय असं वाटलं पाहिजे.

नजर तळाकडे. पुढे बघायचा मोह आवरायचा. पुढे बघण्यासाठी हनुवटी उचलली की डोकं दंडांच्या मधून बाहेर येतं, छाती उघडी पडते, कंबरेला बाक येतो आणि पाय खाली जातात. तलावाच्या तळावरची काळी रेघ भिंत किती दूर आहे ते सांगते, तेवढं पुरे.

हे सगळं वाचायला सोपं आहे. करून बघायला पाण्याचीही गरज नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहा: टाचा भिंतीपासून थोड्या पुढे, माकडहाड, पाठ आणि डोकं भिंतीला. आता वर सांगितलं तसे हात जोडून डोक्यावर न्या आणि हातांची पाठ भिंतीला लागते का ते पाहा. खुर्चीत बसून दिवस काढणाऱ्या बहुतेकांचे हात भिंतीच्या अलीकडेच थांबतात. मग माणूस लबाडी करतो. कंबर भिंतीपासून सुटते, फासळ्या पुढे येतात, आणि हात लागले एकदाचे असं वाटतं. पाण्यात नेमकी हीच लबाडी महागात पडते. खांद्यांत जी जागा नाही ती कंबर देते, कंबरेला कायमचा बाक बसतो, आणि ज्या कंबरेतून लाट जायची ती आधीच वाकून अडकलेली असते. तास-दीड तासानं कंबर दुखू लागली की दोष पात्याच्या कडकपणाला दिला जातो. दुखणं असतं बगलेखालच्या आखडलेल्या स्नायूंचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं, जो मागे वळायला तयार नसतो. रोज दहा मिनिटं दाराच्या चौकटीला धरून ताणणं, गुंडाळलेल्या सतरंजीवर पाठीचा वरचा भाग टेकवून हात मागे सोडणं, याचा उपयोग महागड्या कार्बनच्या पात्याहून जास्त होतो. अर्थात खांद्याचं जुनं दुखणं असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

एक प्रश्न हमखास विचारला जातो: हात मोकळे आहेत तर पाणी ओढायला काय हरकत? उत्तर साध्या गणितात आहे. हातानं पाणी मागे ढकलायचं तर हात शरीराच्या वेगाहून जास्त वेगानं मागे गेला पाहिजे; नाहीतर तो पाणी ढकलत नाही, नुसता त्याला अडतो. सेकंदाला दीड-दोन मीटर वेगानं पोहणाऱ्याला हे जमतं. तीन मीटरच्या पुढे हाताला तेवढा वेग पाण्यात गाठताच येत नाही. वर, हात पुन्हा पुढे आणताना बंद केलेलं टोक उघडतं ते वेगळंच. बायफिन्समध्ये वेग त्यामानानं कमी, म्हणून तिथले स्पर्धक क्रॉलचे हात मारतात आणि त्यांना फायदाही होतो. मोनोफिनवर हात चालवणारा माणूस स्वतःच्याच गतीला खीळ घालतो.

पण हात स्थिर म्हणजे ताठ लाकूड नव्हे. ते सुकाणूही असतात. बोटांची टोकं किंचित खाली झुकवली की अंग खोल जातं, किंचित वर केली की पृष्ठभागाकडे येतं. पृष्ठभागावरच्या शर्यतीत हा मामला नाजूक असतो. तिथे कपाळासमोरून वर जाणारा स्नॉर्केल तोंडात असतो, म्हणजे श्वासासाठी डोकं वळवावं लागत नाही. सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येतं. हात जरा जास्त खाली गेले की नळी बुडते आणि पुढच्या श्वासाबरोबर घशात पाणी. हात फार वर ठेवले की ते पृष्ठभाग फोडत जातात आणि लाट उठवतात. चांगले स्पर्धक हात पाण्याच्या पातळीच्या जरासे खाली, कधीच न फुटणाऱ्या रेषेत ठेवतात. ‘इमर्शन’ नावाच्या शर्यतीत तर हातांपुढे हवेचा सिलिंडर असतो. स्पर्धक तो दोन्ही हातांनी समोर धरून पाण्याखालून जातो आणि त्यातूनच श्वास घेतो. पाहायला हा प्रकार विचित्र वाटतो, पण गोल टोकाचा सिलिंडरच इथे शरीराचं नाक होतो. तो जरा तिरका धरला तर अख्खं शरीर तिरकं जातं.

खोल समुद्रात श्वास रोखून उतरणाऱ्या फ्रीडायव्हरचं गणित वेगळं आहे, आणि इथेच अनेक पाठ्यपुस्तकी सल्ले अपुरे पडतात. तलावात आडवं अंतर कापताना फ्रीडायव्हरही हात पुढेच ठेवतात. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती वर उचलली जाते, म्हणून गळ्यात वजनाचा पट्टा घालतात, एक-दोन किक मारून लांबवर सरकत राहतात. २०१६ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरात पोलंडचा मातेउश मालिना आणि ग्रीसचा यॉर्गोस पानायोताकिस या दोघांनीही अशा तऱ्हेनं एका श्वासात ३०० मीटर अंतर कापलं, म्हणजे ५० मीटरच्या तलावाच्या सहा लांब्या. पण सरळ खाली जायचं असेल तर हात सगळा वेळ डोक्यापुढे ताणून ठेवणं परवडत नाही. एक तर कानांतला दाब सतत जुळवावा लागतो. नाकाला चिमटा नसेल तर एक हात नाकाशी लागतोच. दुसरं, ताणलेल्या खांद्यांनी गळा आणि मानही ताणली जाते आणि दाब जुळवणं आणखी कठीण होतं. तिसरं म्हणजे खांद्यांचे स्नायू आवळून धरायला प्राणवायू लागतो, आणि तिथे प्रत्येक घोट मोजलेला असतो. दहा मीटरवर फुप्फुसांतल्या हवेचं आकारमान निम्मं होतं. आणखी खाली गेल्यावर शरीर तरंगायचं सोडून आपोआप बुडू लागतं. तिथून किक थांबते, हात अंगाशी येतात आणि डायव्हर दगडासारखा खाली जात राहतो. वर येताना कुणी हात पुन्हा डोक्यापुढे घेतं, कुणी अंगाशीच ठेवतं. यावर एकमत नाही आणि होईल असंही वाटत नाही, कारण ते ज्याच्या-त्याच्या खांद्यांवर अवलंबून आहे. खांदे मोकळे असतील त्याला हात पुढे ठेवणं स्वस्त पडतं, आखडलेले असतील त्याला महाग.

फिनस्विमिंग आणि फ्रीडायव्हिंग या दोन्हींना जोडणारी म्हणून नतालिया मोल्चानोवा हिचं नाव इथे घ्यायला हवं. तरुणपणी ती सोव्हिएत संघात फिनस्विमिंग करायची, मग बराच काळ पाण्यापासून दूर राहिली, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर फ्रीडायव्हिंगकडे वळली. मोनोफिन लावून १०० मीटरच्या खाली जाणारी ती पहिली स्त्री, २००९ मध्ये. २०१५ मध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ पाण्यात उतरली ती परत आली नाही. तिचा मुलगा अलेक्सेई आज याच प्रकारात १३० मीटरच्याही खाली जाऊन आला आहे.

मोनोफिनच्याच नात्यातला जलपरीच्या शेपट्यांचा प्रकार थोडक्यात सांगतो. फ्लोरिडातल्या वीकी वाची झऱ्यात १९४७ पासून जलपऱ्यांचे खेळ होतात, आणि आता जगभर हौशी लोक कापडी किंवा सिलिकॉनच्या शेपट्या घालून पोहतात. तिथे वेग नको असतो, डौल हवा असतो, म्हणून हात बाजूला पसरले, हलवले तरी बिघडत नाही. हौसेपुरतं ते छान आहे. फक्त तिथून शिकलेले हात घेऊन फिनस्विमिंगला येऊ नये.

शिकण्याचा क्रम माझ्या मते असा असावा. पहिले काही आठवडे पातं लावूच नका. भिंतीला लाथ मारा, हातांचं कुलूप घाला आणि एकही किक न मारता कुठपर्यंत सरकता ते पाहा. थांबलात की उठा, परत या, पुन्हा करा. हे कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. सरकणं लांबलं की अनवाणी डॉल्फिन किक, मग लहान, मऊ पातं. सुरुवातीला हातांत फ्लोट धरायला हरकत नाही, पण तो ताणलेल्या हातांच्या टोकाशी, छातीखाली नव्हे. मध्येमध्ये हात अंगाशी ठेवूनही एखादी लांबी मारा. तेव्हा छाती आणि कंबर आपापलं काम करताहेत की नाही ते चटकन उघडं पडतं. कुणाला तरी कडेनं व्हिडिओ काढायला सांगा आणि पाहताना पाय बघू नका, फक्त बोटांची टोकं बघा. ती डुलत असतील तर मोठं पातं घ्यायची वेळ अजून आलेली नाही. कडक पातं चुका दुरुस्त करत नाही, त्या मोठ्या करून दाखवतं.

आणि पातं लावलं की सगळ्यांत आधी शिकायचं ते त्यातून पाय सोडवायचं. मोनोफिन लावलेल्या माणसाला चालता येत नाही, एक पाय टेकवून उभं राहता येत नाही, पाय वेगळे करून तोल सावरता येत नाही. उथळ पाण्यात बसून, न बघता, दोन्ही पावलं बुटांतून पटकन काढायचा सराव करा. तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्या; गर्दीच्या वेळी एवढं रुंद आणि टणक पातं दुसऱ्याच्या डोक्याला लागलं तर जखम होते. श्वास रोखण्याचा सराव तर एकट्यानं कधीच करू नका, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. आधी भराभर खोल श्वास घेऊन मग बुडी मारायची जुनी युक्ती सोडून द्या: त्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव उशिरा येते, आणि ती येण्याआधीच शुद्ध हरपू शकते. अशी शुद्ध हरपणं काय असतं ते नीट जाणणारा, तुमच्यावर नजर ठेवून असणारा माणूस काठावर किंवा पाण्यात असेल, तेव्हाच पातं पायांत घाला.